शर्ट वाळेपर्यंत

त्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, धुतलेला कुडता घालून खोलीबाहेर आले आणि मला माझ्याच अंगाचा वास आला. ओलं पोतं कोपऱ्यात टाकून विसरावं आणि आठवड्याने आठवावं, तसा. त्यावर कसल्या तरी फुलांचं अत्तर शिंपडल्यासारखा. मी बाही नाकाशी नेली. दुसरी बाही नेली. मग भाच्याच्या बैठकीच्या खोलीत, कॉलर नाकावर ओढून, खुळ्यासारखी उभी राहिले. कारण वास ओळखीचा होता. हा दादाचा वास होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि याच वासापायी तो त्या दिवशी दुपारी चार वाजता स्वतःचं घर सोडून चालला होता.

शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे. झाडंबिडं आहेत, जेवण वेळेवर मिळतं, नर्स असते. तिथे खोली ठरली होती. माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, मला फोन केला तेव्हा म्हणाला, “बाबांचीच इच्छा आहे, आत्या.” म्हणून मी निरोप द्यायला आदल्या दिवशी येऊन थडकले. आता निरोप देणं हे शांतपणे करायचं काम आहे, आणि मला शांतपणे काहीच जमत नाही. लहानपणापासून घरात मला ठिणगी म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. मी उभ्याने चहा पिते. माझ्या एका जागी न बसण्याला कंटाळून माझा नवरा रिटायर झाल्यावर मासे पकडायला जायला लागला.

आल्या आल्या मला पहिली गोष्ट खटकली ती ही, की दादा जवळ आला नाही. एरवी मी दारात दिसले की तो माझा कान धरतो, मी सहा वर्षांची असताना धरायचा तसाच. काल तो खिडकीजवळच्या खुर्चीवरून म्हणाला, “ये. बस. तिकडे बस, तिथे वारा येतो.” मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि मला कळलं. वास येत होता. अत्तरासकट.

“का चाललास?” मी विचारलं.

“माझ्या अंगाला वास येतो गं,” तो म्हणाला. “मला नाही येत. पण लोकांना येतो.”

दादाचं नाक काही वर्षांपूर्वी एका तापात कायमचं गेलं. गुलाब आणि गटार त्याला सारखंच. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही त्यावर हसायचोही. पण दादाचं चष्म्याचं दुकान आहे. आता भाचा बघतो, तरी डोळे तपासायला दादाच बसायचा. डोळे तपासायचे म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं, एकेक भिंग घालायचं, विचारायचं, आता दिसतंय का, आता? तर एक बाई खुर्ची सरकवून मागे झाली. दादाला वाटलं, घाबरली असेल. मग एका माणसाने बोलता बोलता रुमाल काढला. मग दादाने बघायला सुरुवात केली, आणि एकदा बघायला लागलं की काय, सगळीकडे रुमालच दिसतात. घरी आला तर सूनबाई त्याचे कपडे वेगळे धूत होती. त्याने दिवसातून तीनतीनदा अंघोळ सुरू केली. अंग घासून घासून कोपराची सालं निघाली. कोणाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, या वयात होतं असं.

“घरात कोणी काही म्हणालं का?”

“या घरात कोणी कोणाला काही म्हणत नाही,” दादा म्हणाला. “तू सांग. येतो ना?”

“येतो,” मी म्हणाले. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

“बरं झालं सांगितलंस,” तो म्हणाला आणि खरंच त्याचा चेहरा जरा सैल पडला. तेव्हा मलाही वाटलं, की असेल म्हातारपणाचा. रात्रभर मी कूस बदलत राहिले.

आणि आता सकाळी मला तोच वास येत होता, माझ्या स्वतःच्या अंगाला. म्हणजे एक तर मला एका रात्रीत म्हातारपण आलं, नाहीतर काहीतरी भलतंच होतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सूनबाई कपबशा पुसत होती.

“हुंग मला,” मी म्हणाले.

“काय झालं आत्या?”

“अगं हुंग. इथे, खांद्याला.”

ती वाकली आणि एक पाऊल मागे सरली. तोंडाने काही बोलली नाही, अर्थातच. ही मुलगी गुणाची आहे, कामाला वाघ आहे, घर आरशासारखं ठेवते, पण दहा वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकलेला नाही. तिच्या पायावर कोणी पाय दिला तर तीच माफी मागेल.

“माझा कुडता कशात धुतलास?”

“रात्री बाबांच्या कपड्यांबरोबर टाकला. त्यांचे थोडेच होते, मशीन अर्धं रिकामं होतं, म्हणून.”

“त्याचे वेगळे का धुतेस?”

तिने पुसलेली कपबशी पुन्हा पुसायला घेतली. “त्यांचे नाजूक असतात.”

“शर्ट? नाजूक?”

ती कानापर्यंत लाल झाली. मी तिला आणखी पिळलं असतं, पण माझे पाय आधीच मशीनकडे वळले होते. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद जागा आहे, तिथे ते समोरून उघडणारं पांढरं मशीन उभं असतं. वर इस्त्री केलेलं कापड, त्यावर एक रोपटं. दार घट्ट बंद. मी दार उघडलं आणि डोकं आत घातलं.

मी ज्या शब्दांत ओरडले ते इथे लिहीत नाही.

“आत्या!” सूनबाई म्हणाली.

“दार नेहमी बंद ठेवतेस?”

“उघडं बरं नाही दिसत.”

मग मी एकेक करून तिच्याकडून काढून घेतलं. सगळ्यांचे कपडे दिवसा, गरम पाण्यात, आणि धुऊन होताच गॅलरीत. दादाचे सगळ्यात शेवटी, झोपायच्या आधी, थंड पाण्यात, सगळ्यात छोट्या धुण्यावर, कारण दोन शर्ट आणि एक पायजम्यासाठी एवढं मोठं धुणं कशाला. आणि मग बंद दाराआड रात्रभर तसेच ओले, सकाळी ती उठेपर्यंत. मशीनमध्ये जी काही घाण असेल ती रात्रभर फक्त दादाच्या कपड्यांत मुरायची. बाकी सगळे सुटायचे.

“वास दादाचा नाहीच,” मी म्हणाले. “वास मशीनचा आहे. आपण हे साफ करणार आहोत.”

“आत्या, चार वाजता गाडी येणार आहे.”

“मला घड्याळ कळतं.”

मी बाह्या सरसावल्या. रोपटं खाली, कापड खाली. साबण घालायचा खण ओढला तर निघेना. मी लाथ घालणार होते, तेवढ्यात सूनबाईने आतला एक खटका दाबला आणि खण हातात आला. त्याच्या तळाशी निळसर पांढरा गाळ होता, थिजलेल्या पिठल्यासारखा, आणि तो खाली बोटभर जाड. खण ज्या पोकळीत बसतो तिच्या छताला काळी बुरशी, लोंबत होती. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. आरशासारखं घर ठेवणाऱ्या माणसाला हे दिसणं म्हणजे काय, ते मी समजू शकते. ती एकदम जुना टूथब्रश घेऊन आली आणि न बोलता घासायला लागली, एवढ्या जोरात की ब्रशचे केस तुटले.

मी दाराच्या कडेचं रबर धरलं. करड्या रंगाचं, दुमडलेलं. ती दुमड बोटाने उलटी केली आणि आत काळा, बुळबुळीत थर. त्यात एक गुंडी, कागदाचा लगदा आणि चष्मा पुसायच्या फडक्याचा एक तुकडा. मी फडक्याने पुसायचे, फडकं काळं व्हायचं, दुसरं घ्यायचे. वास असा सुटला की डोळ्यांत पाणी आलं.

“याला फिल्टर असतो,” मी म्हणाले. “कुठे असतो?”

“पुस्तक आहे.” सूनबाईने कपाटातून मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, जसं आलं तसं. पहिल्या पानावर एक बाई मशीनकडे बघून अशी हसत होती की जणू आत नवरा सापडलाय.

अक्षर मुंगीएवढं. माझा चष्मा मी घरी विसरले होते. चष्म्यावाल्याच्या घरात आणि मला अक्षर लागेना. सूनबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले.

“दादा!” मी ओरडले. “इकडे ये!”

तो खोलीत बॅग भरत होता. आला तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच. तिथून पुढे नाही. “काय चाललंय?”

मी त्याला सांगितलं. रबर, खण, रात्रभर बंद दार. भराभर सांगितलं आणि वर म्हणाले, “तू अंघोळी करून स्वतःची सालं काढलीस, आणि कारटं हे आहे!” आणि मशीनला एक चापट मारली. दादाने हात पुढे करून पुस्तक घेतलं, तेही हात लांब करून, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“फिल्टर,” तो वाचायला लागला, दुकानात गिऱ्हाइकाला समजावतो त्या आवाजात. “यंत्राच्या पुढील बाजूस, खाली, उजवीकडे, झाकणाआड.”

“सापडलं. मग?”

“झाकण उघडावे. आत गोल फिरकी दिसेल. ती डावीकडे फिरवावी.”

मी फिरवली.

“तत्पूर्वी,” दादा वाचत होता, “खाली पसरट भांडे ठेवावे, कारण यंत्रात उरलेले पाणी…”

पाणी आलं. काळं, कोमट, वेगाने. माझ्या पायांवरून, सूनबाईच्या चपलांवरून, स्वयंपाकघरातून थेट बैठकीच्या गालिच्याकडे. सूनबाईने किंचाळत हाताला लागतील ते सगळे टॉवेल फेकले. मी फिरकी उलटी फिरवायच्या नादात पुरती काढूनच घेतली आणि उरलेलंही आलं. मी त्यात बसकण मारली. मागे वळून बघते तर दादा दाराला धरून हसत होता. आवाज न करता, पोट धरून.

“तत्पूर्वी!” मी म्हणाले. “तत्पूर्वी आधी वाचायचं असतं, शहाण्या!”

“छापणाऱ्याला सांग,” तो म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी त्या घाणीत आणखी थोडा वेळ बसले असते.

आम्ही पुसलं. फिल्टरमधून केसांचा एक गोळा निघाला. दादा दारातूनच पुढे वाचत राहिला, आता जरा आवडीने. रिकामं यंत्र सर्वांत गरम पाण्यावर चालवावं. दार उघडं ठेवावं. पावडर बेताची घालावी. “कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव्य अधिक प्रमाणात वापरू नये,” त्याने वाचलं. “ते न विरघळता आत साठते, त्यावर बुरशी वाढते आणि कपड्यांना…”

तो थांबला.

“कपड्यांना काय?” मी विचारलं.

त्याने पुस्तक मिटलं. “ते मी घालायचो,” तो म्हणाला.

“काय?”

“ती गुलाबी बाटली. रात्री सूनबाई कपडे टाकून झोपायला गेली की मी येऊन ओतायचो. वाटलं, तेवढाच वास झाकला जाईल. मला कुठे कळतंय किती झालं ते. धार धरायचो.” त्याने सूनबाईकडे बघितलं नाही. “लोक जास्त मागे सरकायला लागले तसा मी जास्त ओतायला लागलो.”

सूनबाई फरशी पुसता पुसता थांबली. “बाटली लवकर संपते असं वाटायचं मला,” ती हळूच म्हणाली. “मग मी दोन आणून ठेवायला लागले.”

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिला दिसत होतं की बाटली रिकामी होतेय. त्याला दिसत होतं की नवी येतेय. हिच्या नाकाला कळत होतं, याच्या डोळ्यांना कळत होतं, आणि दोघंही तोंडात मूग गिळून एकमेकांना बाटल्या पुरवत होती! “तुम्ही माणसं आहात का कोण आहात?” मी म्हणाले. “एकदा, एकदा तरी तोंड उघडायचं!” दादा खोलीत निघून गेला.

मी तशीच ओल्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि धुण्याचा सोडा आणला. दुकानदाराने माझ्याजवळ आल्यावर नाक मुरडलं; मी म्हटलं, “माझा नाही, मशीनचा,” आणि सुटे न घेताच परत आले. सोडा ड्रममध्ये ओतला, आकडा सगळ्यात वरच्या गरमीवर नेला, बटण दाबलं.

मग वाट बघणं. याहून छळ नाही. मशीन घुर्र करायचं, थांबायचं, विचार करायचं, पुन्हा घुर्र. काचेआड पाणी तपकिरी झालं. साबणाचा कण नव्हता तरी फेस आला, फेसावर काळे कपटे. मी गॅलरीत गेले. आकाश राखाडी, वारा नाही. आत आले. घड्याळ बघितलं. मशीनसमोर उकिडवी बसले, उठले, दादाच्या खोलीत डोकावले. तो मोजे घडी करत होता.

“बॅग का भरतोयस अजून?” मी विचारलं. “कळलं ना तुला, काय होतं ते?”

“कळलं.”

“मग?”

“तू तुझं काम कर, ठिणगे.”

मी परत मशीनकडे. ते पाणी सोडत होतं. सूनबाईने पुन्हा एकदा नुसत्या पाण्यावर चालवायचं ठरवलं, पुस्तकात तसं होतं म्हणून. मला वाटलं तिचे केस उपटावे. पण तिचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. मी डोकं पुन्हा आत घातलं आणि श्वास ओढला. काही नाही. लोखंड, गरम रबर, बस. मग दादाचा पांढरा शर्ट टाकला, तो दुकानात घालायचा तो, पावडर चमचाभर. सूनबाईने बाटल्या दोन्ही उचलून बाहेर कचऱ्यात नेऊन ठेवल्या.

शर्ट बाहेर आला तेव्हा खाली गाडीचा हॉर्न वाजला.

ओला शर्ट हातात घेऊन मी दादाच्या खोलीत धावले. “हे बघ! घे! काही वास नाही, नाक खुपसून बघितलं मी!”

“मी काय बघू,” तो म्हणाला. “मला येतो कुठे.”

“मी सांगतेय ना!”

“तू सांगतेस. तू उद्या जाशील.” त्याच्या अंगावर अजून तोच रात्रीचा शर्ट होता, कारण त्याच्याकडचे सगळे तसलेच होते. त्याने बॅगेची चेन लावली.

जिन्यात पावलं वाजली. भाचा दुकान नोकरावर सोडून आला होता, किल्ल्या हातात, चेहऱ्यावर ते त्याचं नेहमीचं समजूतदार हसू. मी त्याला दारातच धरलं आणि सगळं एका दमात ओतलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अरे वा. मग तर प्रश्नच मिटला. बाबा, तुम्हाला राहावंसं वाटत असेल तर राहा. आणि जावंसं वाटत असेल तर आमचं काही म्हणणं नाही.”

आमचं काही म्हणणं नाही! मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. प्रेम आहे त्याचं बापावर, मला माहीत आहे. पण असलं प्रेम कोणाच्या उपयोगाचं?

“जातो मी,” दादा म्हणाला. बॅग उचलून तो बैठकीच्या खोलीत आला. तिथे गालिचा गुंडाळून ठेवला होता आणि फरशी ओली होती. “मशीनचं होतं, समजलं. माझ्यामुळे वाढलं, तेही समजलं. पण उद्या पुन्हा काही झालं तर? मशीनचं नाही, खरंच माझंच काही झालं तर? मला कळणार नाही. मला कोणीतरी सांगावं लागणार. या घरात कोण सांगेल?” तो आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हता. “तुम्ही चांगली माणसं आहात. तुम्ही खुर्ची मागे घ्याल आणि माझ्यासाठी बाटल्या आणून ठेवाल. तिथे परकी माणसं आहेत. परकी माणसं तोंडावर सांगतात. मला ते बरं.”

मी तर या घरात राहत नव्हते. मी हातातला ओला शर्ट नुसता पिळत राहिले. दादाने दाराकडे पाऊल टाकलं.

“मी सांगणार नव्हतेच!” सूनबाई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज तिचा आहे हे कळायला मला क्षण लागला.

“मला पहिल्या दिवसापासून येत होता,” ती म्हणाली, आणि आता ती जवळजवळ ओरडत होती. “मला तो वास माहीत होता. माझी आई गेली ना, त्याआधी तिच्या खोलीत यायचा. फुलं ठेवली तरी यायचा. मला वाटलं, आता तुम्ही. मला वाटलं, मी बोलले तर ते खरं होईल. म्हणून कपडे वेगळे काढले. नाजूकबिजूक काही नाही. मला बघायचं होतं, वाढतोय का कमी होतोय. रोज सकाळी मी तुमचा शर्ट मशीनमधून काढून नाकाला लावायचे. रोज! आणि रोज वाढलेला असायचा. आणि तुम्ही जातो म्हणालात तेव्हा मला, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, आपल्याला बघावं लागणार नाही. सांगा आता. काय वाईट आहे मी ते सांगा!”

भाचा तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होता. दादाही.

“अगं, मग मला विचारायचं,” दादा म्हणाला.

“तुम्ही विचारलंत? रात्री चोरासारखे उठून बाटल्या ओतत होता, तुम्ही विचारलंत मला?”

“मी सासरा आहे तुझा! सुनेला काय विचारू, मला घाण वास येतो का म्हणून?”

“हो! हेच विचारायचं!”

“आणि तू सांगितलं असतंस?”

“नसतं सांगितलं! पण तुम्ही विचारायचं होतं!”

दादाने बॅग खाली ठेवली. भांडायला दोन्ही हात लागतात. तो काहीतरी जोरात म्हणणार होता, पण सूनबाईचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडत, ओल्या फरशीवरून घसरत, सरळ त्याच्याकडे निघाली. दादा मागे सरला. सवयच लागली होती त्याला. पाठ दाराला टेकली. त्याने तळहात पुढे केला. “थांब, थांब, शर्ट जुनाच आहे,” तो म्हणाला. ती थांबली नाही. तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि दोन्ही मुठींत त्याचा शर्ट धरला. त्याचे हात हवेतच राहिले, कुठे ठेवावे ते न कळून.

भाच्याने बॅग उचलली. कोणी सांगितलं नव्हतं. तो ती घेऊन आतल्या खोलीत गेला आणि आतून चेन उघडल्याचा आवाज आला.

दादाने शेवटी एक हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. मग मान खाली करून, अगदी हळू आवाजात, त्याने तिला विचारलं, “फार येतोय का गं?”

“येतोय,” ती म्हणाली. “भयंकर येतोय, बाबा.”

आणि तिने त्याला सोडलं नाही.